जागतिक आरोग्य : विद्यार्थ्यांना शिकवावयाचा एक विषय

दरवर्षी वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दोन प्रकारची घरे दिसतात. एखाद्या घरात पेढे वाटले जातात. उरलेल्या अनेक घरांत मुले-मुली मान खाली घालून बसलेली असतात आणि आईवडील म्हणत असतात, "आता आरोग्याची लाईन बंद झाली, दुसरे काहीतरी बघ." डॉक्टर झाला तरच आरोग्याच्या क्षेत्रात काम करता येते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हा समज अपुरा आहे, आणि त्यामुळे आपल्या मुलांचे फार नुकसान होत आहे, असे आम्हांस वाटते.

डॉक्टर समोर आलेल्या रोग्याला तपासतो व औषध देतो. हे काम मोठेच आहे. परंतु एकाच गावात एका आळीत कावीळ वारंवार का येते आणि दुसऱ्या आळीत का येत नाही? एका देशात जन्मलेले मूल वाचते आणि दुसऱ्या देशात तेच मूल वर्षाच्या आत का दगावते? दहा रुपयांचे औषध हजार रुपयांना का विकले जाते? या प्रश्नांची उत्तरे दवाखान्यात मिळत नाहीत. त्यांसाठी संख्याशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल व कायदा यांची मदत घ्यावी लागते. साऱ्या जगातील माणसांचे आरोग्य सुधारावे आणि त्यातील विषमता दूर व्हावी, या हेतूने या सर्व शास्त्रांना एकत्र आणणारा जो अभ्यासविषय आहे त्यास 'जागतिक आरोग्य' असे म्हणतात.

आम्ही कला शाखेचे पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. वैद्यकशास्त्रात आम्हांस कोणताही अधिकार नाही. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस करतो, कारण या विषयाचा पाया ज्या गोष्टींवर उभा आहे त्या म्हणजे नोंद, बेरीज, टक्केवारी आणि नेमका प्रश्न विचारणे. या गोष्टी आपल्यापैकी कोणालाही शिकता व शिकविता येतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या वस्त्यांची पाहणी आजवर बहुधा बाहेरच्या लोकांनी केली. ते येतात, फॉर्म भरून नेतात, आणि त्यातून काय निष्पन्न झाले हे वस्तीला क्वचितच कळते. आपली मुले या विषयात शिरली तर मोजला जाणारा समाज स्वत: मोजणारा होईल. प्रस्तुत लेखाचा सारा भर या एका मुद्द्यावर आहे.

पुढे सहा पाठ दिले आहेत. दहावी ते पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सहा रविवारी ते शिकविता येतील. प्रत्येक पाठाच्या शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिला आहे.

पाठ पहिला : मोजावे कसे?

या विषयाची सुरुवात व्याख्येने न करता एका गोष्टीने करावी. इ. स. १८५४ मध्ये लंडन शहरात कॉलऱ्याची मोठी साथ आली. त्या काळी कॉलरा दूषित हवेतून पसरतो असे बहुतेक डॉक्टर मानीत. जॉन स्नो या डॉक्टरांचे मत वेगळे होते. रोग पिण्याच्या पाण्यातून येतो असे ते म्हणत. दक्षिण लंडनमध्ये दोन खाजगी कंपन्या नळाने पाणी पुरवीत. एक कंपनी थेम्स नदीच्या ज्या भागात शहराचे सांडपाणी मिसळे तेथूनच पाणी उचली. लॅम्बेथ नावाच्या दुसऱ्या कंपनीने १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात हलविले होते. स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरोघर चौकशी करून तेथे कोणत्या कंपनीचे पाणी येते याची नोंद केली.

त्यांचे आकडे फळ्यावर लिहावेत. पहिल्या कंपनीची घरे ४०,०४६ आणि मृत्यू १,२६३. लॅम्बेथ कंपनीची घरे २६,१०७ आणि मृत्यू ९८. उरलेल्या लंडनमध्ये घरे २,५६,४२३ आणि मृत्यू १,४२२. आता विद्यार्थ्यांना विचारावे, सर्वांत वाईट स्थिती कोठे? घाईत उत्तर देणारा विद्यार्थी म्हणेल, "उरलेल्या लंडनमध्ये, कारण तेथे १,४२२ माणसे मेली." मग दर दहा हजार घरांमागे मृत्यू काढावयास सांगावे. पहिल्या कंपनीच्या दहा हजार घरांमागे ३१५, लॅम्बेथच्या घरांमागे ३७ आणि उरलेल्या शहरात सुमारे ५५ मृत्यू पडतात. चित्र एकदम उलटे होते.

बँकेत आम्ही हेच पाहतो. एका शाखेची थकबाकी दहा लाख व दुसरीची वीस लाख एवढ्यावरून दुसरी शाखा वाईट ठरत नाही. एकूण कर्जवाटप किती हे पाहावे लागते. खाली कोणता आकडा आहे हे विचारल्याशिवाय वरच्या आकड्याला अर्थ नसतो. आरोग्याच्या अभ्यासातील ही पहिली शिकवण होय.

त्याच साथीत स्नो यांनी आणखी एक गोष्ट केली. सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाच्या आसपास काही दिवसांतच शेकडो माणसे मरण पावली. स्नो यांनी मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली. शिवाय जवळ राहूनही कोण मेले नाही याचाही शोध घेतला. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ लोक राहत होते, पण तेथे फक्त ५ मृत्यू झाले, कारण आश्रमाची स्वत:ची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतील कामगार वाचले, कारण ते पंपाचे पाणी पीत नसत. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वत:च नमूद करून ठेवले आहे. प्रामाणिक अभ्यासक आपल्या यशाचा आकडा फुगवीत नाही, हेही विद्यार्थ्यांना येथेच सांगावे. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला तो त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, इजिप्त व कलकत्ता येथे केलेल्या संशोधनातून. म्हणजे जंतू दिसण्यापूर्वीच, केवळ मोजून, रोगाची वाट सापडली होती.

यानंतर आपल्या देशाचा आकडा द्यावा. दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत किती बालके दगावतात त्यास अर्भक मृत्युदर म्हणतात. भारत सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७१ साली तो १२९ होता. २०२० साली तो २८ वर आला. परंतु त्याच २०२० साली केरळमध्ये तो ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ होता.

चर्चेसाठी प्रश्न : देश एक, सरकार एक, औषधे तीच. मग केरळ व मध्य प्रदेश यांत एवढे अंतर का? शिक्षण, रस्ते, स्त्रियांचे स्थान, दवाखाने यांपैकी कोणत्या गोष्टींची माहिती मिळविल्यास उत्तर सापडेल?

पाठ दुसरा : आरोग्य कोणासाठी?

देशादेशांनी एकत्र बसून रोगांचा विचार करण्यास १८५१ साली पॅरिस येथील परिषदेपासून सुरुवात झाली. विषय होता कॉलरा. परंतु जमलेल्या देशांची मुख्य चिंता होती ती आपापल्या बंदरांची व व्यापाराची. पुढे १८९८ साली लिव्हरपूल येथे उष्ण कटिबंधातील रोगांचे विद्यालय निघाले, तेही एका जहाज व्यापाऱ्याच्या देणगीतून. आफ्रिकेत व आशियात जाणारे गोरे व्यापारी, खलाशी व अधिकारी जगावेत ही त्यामागची निकड होती. म्हणून विद्यार्थ्यांना सांगावे की, या विषयाचा जन्म समतेतून झालेला नाही. समतेचा विचार त्यात नंतर आला, आणि तो आणण्यासाठी माणसांना झगडावे लागले.

याचे आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे प्लेगची साथ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वत:ला टोचून घेतली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात सैनिकांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, रोग्यांना ओढून नेले, सामान जाळले. लोक रोगाइतकेच सरकारलाही भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. संतापाचा कडेलोट होऊन २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते. या सेवेतच सावित्रीबाईंना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच शहरात, एकाच वेळी आरोग्याकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. एकीत माणूस हा रोगाचा वाहक होता, दुसरीत तो आपला माणूस होता. हा कायदा मात्र टिकून राहिला. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेतला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर विचार बदलला. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. म्हणून ७ एप्रिल हा जागतिक आरोग्य दिन पाळला जातो. केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य म्हणजे आरोग्य, असा व्यापक अर्थ या घटनेने मांडला. पुढे १९७८ साली सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे झालेल्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवा सर्वांपर्यंत नेण्याचा निर्धार केला.

चर्चेसाठी प्रश्न : साथ रोखण्यासाठी सक्ती किती असावी? १८९७ आणि २०२० या दोन वर्षांची तुलना घरातील वडीलधाऱ्यांना विचारून करा.

पाठ तिसरा : रोग कोठून येतो?

कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. मग क्षयाचे कारण जंतू, एवढे उत्तर पुरे होईल काय? जंतू अनेकांच्या शरीरात शिरतो, पण सगळ्यांना क्षय होत नाही. इंग्लंडमध्ये क्षयावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४० नंतरच्या दशकात आले. त्याआधीच तेथील क्षयाचे मृत्यू कितीतरी पटींनी कमी झालेले होते. अन्न, घरे आणि कामाची परिस्थिती सुधारली हे त्याचे एक मोठे कारण सांगितले जाते.

आज जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. झारखंडमध्ये भारतीय संशोधकांनी एक मोठा प्रयोग केला व त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या घरातील सुमारे दहा हजार माणसे या अभ्यासात होती. रोग्यांना सर्वच ठिकाणी शिधा देण्यात आला. काही कुटुंबांत मात्र रोग्याबरोबर घरच्यांनाही दरमहा तांदूळ, तूरडाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. घरच्यांना शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होणाऱ्यांचे प्रमाण इतर कुटुंबांच्या तुलनेने सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तांदूळ व डाळ यांनी रोग अडविला! या एका प्रयोगात आपल्या विषयाचा गाभा आला आहे.

आपल्या समाजातील कित्येक माणसे आजही आजाराला नशीब म्हणतात. त्यांना हे उदाहरण मुद्दाम सांगावे. गटारात उतरणारा सफाई कामगार गुदमरून मरतो तेव्हा वैद्यकीय कागदावर विषारी वायू असे कारण लिहिले जाते. पण त्याला यंत्राशिवाय, साधनाशिवाय आत कोणी उतरविले, हे कारण कागदावर नसते. हाताने मैला साफ करण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली. तरी असे मृत्यू होत राहिले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये करावी लागली. वर लिहिलेले कारण आणि त्याच्यामागचे कारण, ही दोन्ही शोधण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली पाहिजे.

चर्चेसाठी प्रश्न : आपल्या वस्तीत वारंवार दिसणारा एक आजार निवडा. त्याचे कारण लिहा. मग 'ते कशामुळे?' असे लागोपाठ पाच वेळा विचारा.

पाठ चौथा : उपाय घरापर्यंत कसा पोहोचतो?

१९७१ साली बांगला देशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते व ते लावणारी प्रशिक्षित माणसेही नव्हती. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिण्यासाठी देण्यास सुरुवात केली. पाजण्याचे काम रोग्यांच्या नातेवाइकांनीच केले. आधी शेकडा तीसच्या घरात असलेला मृत्यूंचा दर या उपचाराखालील रोग्यांत ३.६ टक्क्यांवर आला. यालाच आपण जलसंजीवनी म्हणतो. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

परंतु उपाय सापडणे व तो प्रत्येक आईला माहीत होणे यांत फार अंतर असते. बांगला देशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून घरोघर स्त्री कार्यकर्त्या पाठविल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि ठरावीक पाणी यांचे मिश्रण त्या आईकडूनच करवून घेत. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांपर्यंत ही शिकवण गेली. यातील एक बाब शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. या कार्यकर्त्यांचा पगार किती घरे केली यावर ठरत नसे. नंतर दुसरे तपासनीस जात आणि त्या आईला किती मुद्दे आठवतात, तिने केलेले पाणी बरोबर झाले की नाही, हे पाहून पैसे दिले जात. शिकविणाऱ्याने काय सांगितले यापेक्षा शिकणाऱ्याला काय आले, हे तेथे मोजले गेले. आपल्या शाळा-शिकवण्यांनाही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

महाराष्ट्रही यात मागे नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. गावाने निवडलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या बनविले. त्यांतील बऱ्याच जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्या हाताने गावातील बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. या कामाबद्दल १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे संशोधन १९९९ साली प्रसिद्ध होऊन जगभर अभ्यासले गेले. पुढे २००५ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. आपल्या वस्तीतली आशाताई ही या जगाच्या इतिहासाचा एक भाग आहे, हे किती विद्यार्थ्यांना माहीत असते?

चर्चेसाठी प्रश्न : आशाताईंना वर्गात बोलवा. त्यांच्या कामाचा दिवस, त्यांच्या वह्या, त्यांना मिळणारा मोबदला यांची माहिती घ्या.

पाठ पाचवा : देश एकत्र आले तर काय होते?

१९६७ साली देवीच्या रोगाविरुद्ध जगभर जोराची मोहीम सुरू झाली, तेव्हा दरवर्षी एक कोटीहून अधिक लोकांना देवी येत. त्या काळी अमेरिका व सोव्हिएत संघ एकमेकांचे वैरी होते. तरीही देवी निर्मूलनाचा प्रस्ताव १९५८ साली सोव्हिएत संघाने मांडला, मोहिमेचे नेतृत्व एका अमेरिकन डॉक्टरांनी केले आणि लसी दोन्हीकडून आल्या. भारतात कार्यकर्ते देवीच्या रोग्याचे चित्र हातात घेऊन घरोघर, बाजारोबाजार विचारीत फिरले. रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या सर्वांना लस टोचली जाई. प्रत्येकाला टोचण्यापेक्षा रोगी शोधून त्याच्याभोवती कडे करणे अधिक उपयोगी पडले. भारतात १९७५ च्या मे महिन्यात शेवटचा रोगी आढळला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. भारतातील पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

सहकार्य मात्र आपोआप टिकत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी मे महिन्यात उरलेल्या देशांनी महासाथींच्या मुकाबल्यासाठी नवा करार संमत केला. विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रातील अशा बातम्या कापून वहीत चिकटवाव्यात.

चर्चेसाठी प्रश्न : देवीचा रोग संपला, पण क्षय का संपत नाही? दोन्ही रोगांतील फरक लिहा.

पाठ सहावा : औषध कोणाला परवडते?

हा पाठ वाणिज्य व कायद्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. एड्सवरील औषधे १९९६ च्या सुमारास निघाली, पण एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जाई. आफ्रिकेत लक्षावधी माणसे औषध असूनही मरत राहिली. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी, म्हणजे वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केली. हे कसे शक्य झाले? भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषध बनविण्याच्या पद्धतीला पेटंट दिले, खुद्द औषधाला दिले नाही. त्यामुळे आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवू शकत. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा येथे व्यापार संघटनेच्या सदस्य देशांनी मान्य केले की, पेटंटचे नियम लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत. २००५ साली भारताला औषधावर पेटंट देणे भाग पडले, तरी जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट घेण्यास आपल्या कायद्याने आळा घातला. १ एप्रिल २०१३ रोजी कर्करोगावरील एका औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली.

म्हणजे एका कायद्याच्या एका कलमाने कित्येक डॉक्टरांच्या आयुष्यभराच्या कामाइतके प्राण वाचू शकतात. कोरोनाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. २०२१ चे वर्ष संपत आले तेव्हा श्रीमंत देशांत तिसरी मात्रा दिली जात होती, आणि सर्वांत गरीब देशांतील दर दहांपैकी सुमारे नऊ जणांना पहिलीही मिळाली नव्हती.

चर्चेसाठी प्रश्न : शोध लावणाऱ्याचा हक्क आणि रोग्याचा जीव यांचा मेळ कसा घालावा? वर्गाचे दोन गट करून वादविवाद घ्या.

वस्तीची पाहणी

सहा पाठ झाल्यावर विद्यार्थ्यांनी पन्नास घरांची एक छोटी पाहणी करावी. प्रश्न चार-पाचच असावेत. पाणी किती वेळ येते, शौचालय कोठे आहे, मुलांच्या लसी झाल्या काय, गेल्या महिन्यात दवाखान्यावर किती खर्च झाला, तो कर्ज काढून केला काय. पाहणी करताना पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत.

१. प्रथम हेतू सांगावा आणि घरच्यांची संमती घ्यावी. कोणी नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे जावे.
२. कागदावर नाव लिहू नये, घराला क्रमांक द्यावा. कोणाचा आजार कोणाला सांगू नये.
३. औषध सुचवू नये. गरज दिसल्यास आशाताईंशी अथवा सरकारी दवाखान्याशी गाठ घालून द्यावी.
४. आकडे फुगवू नयेत व कमीही दाखवू नयेत. जे सापडेल ते लिहावे.
५. काम संपल्यावर निष्कर्ष मोठ्या कागदावर लिहून वस्तीच्या सभेत वाचून दाखवावेत.

पाचवे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. माहिती ज्यांची आहे त्यांना ती परत मिळाली पाहिजे. अशा पाहणीच्या आधारे नगरपालिकेकडे दिलेला अर्ज नुसत्या तक्रारीपेक्षा वजनदार ठरतो, कारण 'पाणी येत नाही' या वाक्यापेक्षा 'पन्नासपैकी बत्तीस घरांत पाणी एक तासाहून कमी येते' या वाक्याला उत्तर देणे अधिकाऱ्यास टाळता येत नाही.

पुढील शिक्षणाच्या वाटा

पदवीनंतर सार्वजनिक आरोग्य या विषयात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिरुवनंतपुरम येथे श्री चित्रा संस्था येथे असे शिक्षण मिळते. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत जन्म-मृत्यूचे व लोकसंख्येचे शास्त्र शिकविले जाते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामाजिक वैद्यक व समुदाय आरोग्य यांचे केंद्र आहे. यांतील काही अभ्यासक्रमांना वैद्यकीय पदवी नसलेले, कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे पदवीधरही घेतले जातात. पात्रता व तारखा बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपत्रिका स्वत: वाचावी. परदेशात लंडन, लिव्हरपूल, तसेच अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील विद्यालये जुनी व नामांकित आहेत. बंग दांपत्य जॉन्स हॉपकिन्स येथे शिकून आले आणि गडचिरोलीस गेले, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. फॉर्म भरण्यास मदत करणे हे सभासदांनी आपले काम समजावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला व गुणपत्रके आधीपासून तयार ठेवली तर निम्मी अडचण दूर होते.

समारोप

डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांनी अवश्य डॉक्टर व्हावे. त्यांचीही आपणांस गरज आहे. परंतु ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांनी आरोग्याचे दार बंद झाले असे मानू नये. भूगोलाच्या विद्यार्थ्याने साथीचा नकाशा काढावा, वाणिज्यच्या विद्यार्थ्याने दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब मांडावा, कायद्याच्या विद्यार्थिनीने औषधाच्या किमतीवर भांडावे आणि मराठीच्या विद्यार्थ्याने हे सारे आपल्या आईला समजेल अशा भाषेत लिहावे. या सर्वांना या विषयात जागा आहे.

संस्थेच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, सुटीत असा एक वर्ग सुरू करावा. त्यास फळा, खडू, जगाचा एक नकाशा आणि वस्तीचा हाताने काढलेला एक नकाशा एवढेच साहित्य पुरते. या वर्गातून पाच विद्यार्थी जरी हातात वही घेऊन आपल्या वस्तीत हिंडू लागले, आणि पन्नास घरांचा खरा आकडा सभेत उभे राहून वाचू लागले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.